नऊशे अश्वशक्तीचे बिडाचे इंजिन : एलक्यू४ ची निवड, बांधणी आणि एका मशीन शॉपचे परीक्षण

माझ्या १९८६ च्या शेवरोले माँटे कार्लोमध्ये बसवलेल्या सहा लिटरच्या टर्बो (हवा दाबून भरणारा पंप लावलेल्या) इंजिनाने ड्रॅग स्ट्रिपवरचे, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतींच्या पट्टीवरचे, दोन हंगाम पूर्ण केले आहेत. त्या इंजिनाबद्दल आणि त्याचे यंत्रकाम करून देणाऱ्या डेट्रॉइटच्या उपनगरातील एका लहान मशीन शॉपबद्दल आता अनुभवाच्या आधारावर लिहिता येईल असे वाटते. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण सत्तरी ओलांडलेले मालक आणि त्यांचा मुलगा असे दोघेच तिथे काम करतात, त्यांच्याकडे आधीच सहा महिन्यांची रांग असते आणि नाव कुठेही छापू नका असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे हे परीक्षण दुकानाच्या पत्त्यापेक्षा त्याच्या कामाचे आहे, आणि तसे काम कोणत्याही दुकानाकडे मागता येते. निर्णय आधीच सांगून टाकतो: इंजिनाच्या निवडीबद्दल मी समाधानी आहे, दुकानाच्या कामाबद्दल अत्यंत समाधानी आहे आणि त्यांच्या वेळापत्रकाबद्दल अजिबात समाधानी नाही.

निवडीची सुरुवात बहुतेक जण अश्वशक्तीच्या आकड्यापासून करतात. मी ती गाडीच्या पिंजऱ्यापासून, म्हणजे अपघातात चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यापासून केली. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांनुसार पाव मैलाचे अंतर ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्या, अथवा ताशी १३५ मैलांचा वेग गाठणाऱ्या गाडीच्या सांगाड्याची तपासणी होऊन त्याला प्रमाणपत्र मिळावे लागते, आणि ८.५० सेकंदांच्या खाली गेल्यावर सांगाड्याचे निकष आणखी कडक होऊन खर्चाची पातळीच बदलते. माझ्या गाडीतला पिंजरा ८.५० पर्यंतचा आहे. म्हणून गाडी नऊ सेकंदांच्या आसपास धावावी, पण साडेआठच्या खाली कधीही जाऊ नये, एवढीच अपेक्षा इंजिनाकडून होती.

त्या अपेक्षेचे अश्वशक्तीत रूपांतर करण्यासाठी ड्रॅगच्या जगात एक जुने आणि आश्चर्यकारकरीत्या विश्वासार्ह सूत्र वापरतात. चालकासह गाडीचे वजन पौंडांत घ्यायचे, त्याला अश्वशक्तीने भागायचे, भागाकाराचे घनमूळ काढायचे आणि त्याला ५.८२५ ने गुणायचे, म्हणजे पाव मैलासाठी लागणारे सेकंद मिळतात. माझ्यासह गाडीचे वजन ३,४०० पौंड भरते. त्यावरून ७५० अश्वशक्तीला ९.६४ सेकंद, ९०० ला ९.०७ आणि १,००० ला ८.७६ असे आकडे येतात. साडेआठ सेकंदांची रेषा सुमारे १,१०० अश्वशक्तीला ओलांडली जाते. म्हणजे ९०० अश्वशक्ती मला पुरेशी होती आणि त्यापुढचा प्रत्येक डॉलर मला वापरता न येणाऱ्या ताकदीवर खर्च झाला असता. हा हिशेब करायला दहा मिनिटे लागतात, तरीही तो न करता दीड हजार अश्वशक्तीचे सुटे भाग गोळा करून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

पर्यायांपैकी सर्वांत मोहात पाडणारा होता तो शेवरोले परफॉर्मन्सचा झेडझेड६३२, म्हणजे कारखान्यातून पेटीत बंद होऊन येणारे तयार इंजिन. २०२१ साली बाजारात आलेल्या या इंजिनाची धारणक्षमता ६३२ घन इंच, म्हणजे सुमारे १०.३५ लिटर आहे, आणि टर्बो किंवा सुपरचार्जर न लावता ते मिनिटाला ६,६०० फेऱ्यांवर १,००४ अश्वशक्ती आणि ५,६०० फेऱ्यांवर ८७६ पौंड-फूट टॉर्क देते. हे सगळे ते ९३ ऑक्टेनच्या, पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर करते, हे मला त्या आकड्यांपेक्षाही अधिक कौतुकास्पद वाटते, कारण त्याचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) १२ ला १ आहे. टर्बोच्या नळ्यांचे जंजाळ नाही, दाबाचा हिशेब नाही, बिघडण्यासारख्या गोष्टी कमी. ज्यांच्याकडे पैसा आहे आणि वेळ नाही त्यांनी हेच घ्यावे, असे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. माझी परिस्थिती नेमकी उलट होती. त्याची किंमत बाजारात येतानाच सदतीस हजार डॉलरच्या पुढे होती.

म्हणून निवड झाली ती जनरल मोटर्सच्या एलक्यू४ या ट्रकच्या इंजिनाची. एलएस घराण्यातले हे ५,९६७ घनसेंटिमीटरचे व्ही८ इंजिन १९९९ पासून पुढची काही वर्षे जड पिकअप ट्रकमध्ये आणि व्हॅनमध्ये बसत असे. त्याचे बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.००० इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.६२२ इंच. त्याच घराण्यातल्या कॉर्व्हेटच्या एलएस१ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, तर याचा बिडाचा. वजनात हा तोटाच आहे, पण टर्बोचा दाब सोसताना बोअरचा आकार टिकवून धरण्यात बीड उजवे ठरते, शिवाय ते स्वस्त पडते. क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या मेन बेअरिंगच्या प्रत्येक कॅपला चार उभे आणि दोन आडवे असे सहा बोल्ट आहेत, आणि मूळ क्रँकशाफ्ट एवढ्या ताकदीला पुरून उरतो हे अनेकांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. मूळ कॉम्प्रेशन सुमारे ९.४ ला १ इतके कमी असल्यामुळे टर्बोसाठी ते जणू आधीच तयार आहे.

कमकुवत जागाही तितक्याच स्पष्ट आहेत. प्रत्येक सिलिंडरभोवती हेड (सिलिंडरांवरचे झाकण) दाबून धरणारे मुख्य बोल्ट केवळ चार आहेत, त्यामुळे दाब वाढला की हेड किंचित उचलले जाऊन पॅकिंग उडते. मूळ पिस्टन ओतीव आहेत आणि कनेक्टिंग रॉड ट्रकच्या कामाच्या हिशेबाने बनवलेले आहेत. ऑइल पंपाच्या शोषण नळीवर बसणारी रबरी रिंग ही तर चेष्टेचा विषय व्हावी इतकी क्षुल्लक वस्तू आहे, पण ती बसवताना चिरली किंवा चुकीच्या जाडीची घेतली तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि हजारो डॉलरचे इंजिन काही मिनिटांत भंगारात जाते.

माझे इंजिन एका व्हॅनमधून, भंगाराच्या आवारातून, ६५० डॉलरला आले. तिथपर्यंत सगळे सुरळीत होते. पहिली चूक माझी होती: घराजवळचे आणि लवकर काम देणारे म्हणून जे दुकान निवडले, त्यांच्याकडे फक्त दर विचारला, पद्धत विचारली नाही. त्यांनी ब्लॉक ४.००५ इंचांना होन करून (बोअर आतून घासून मापाला आणून) तीन आठवड्यांत परत दिला. बोअर आरशासारखा दिसत होता. मोजमापांचा कागद मागितला तेव्हा "सगळे स्पेकमध्ये आहे" एवढेच उत्तर मिळाले.

इथे थोडे विषयांतर करतो. माझे काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे बोअरिंग करत, आणि शाळेच्या सुट्टीत मी तिथे बोअर गेज धरायला शिकलो. उसाला पाणी देणारे इंजिन बारा-बारा तास एका लयीत चालते, तर माझे इंजिन एका फेरीत जेमतेम नऊ सेकंद पूर्ण ताकदीने चालते; तरी काकांचा नियम दोन्हीकडे तसाच लागू पडतो. आलेल्या ब्लॉकचे माप आधी स्वतः घ्यायचे, सिलिंडरच्या वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात दोनदा, आणि ते खडूने ब्लॉकवरच लिहायचे. मिशिगनच्या गॅरेजमध्ये मी तेच केले, तेव्हा आकडे खरोखर चांगले आले. शंका तरीही गेली नाही, कारण ते आकडे मोकळ्या ब्लॉकचे होते.

दुसऱ्या दुकानात, म्हणजे ज्याचे हे परीक्षण आहे तिथे, मालकांनी माझे आकडे वाचले, मान हलवली आणि ब्लॉकवर हेडच्या जागी जाड पोलादी टॉर्क प्लेट बसवून तिचे स्टड हेडच्या स्टडइतक्याच ताणाने आवळले. मग पुन्हा मोजले. जे बोअर मोकळे असताना गोल होते ते आता दीड थाउने लंबगोल झाले होते. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दीड थाउ ऐकायला काहीच वाटत नाही, पण एवढ्या फटीतून ज्वलनाचा दाब पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये निसटतो. हेड आवळल्यावर ब्लॉक वाकतो ही गोष्ट एलएस इंजिनांमध्ये विशेष जाणवते, आणि म्हणूनच होनिंग टॉर्क प्लेट लावून, इंजिन जुळून पूर्ण झाल्यावर बोअर ज्या अवस्थेत असणार आहे त्या अवस्थेतच करावे लागते. पहिल्या दुकानाकडे या ब्लॉकची प्लेटच नव्हती, हे मला नंतर कळले. त्यांनी खोटे काही सांगितले नाही. मी विचारलेच नव्हते.

परिणामी ब्लॉक ४.०१० इंचांपर्यंत न्यावा लागला आणि आणलेले ४.००५ चे पिस्टन तोट्यात विकून नवे घ्यावे लागले. यातून एक किरकोळ गंमत निष्पन्न झाली: या मापाला इंजिनाची धारणक्षमता ५,९९७ घनसेंटिमीटर होते, म्हणजे कंपनी ज्याला सहा लिटर म्हणत आली ते आत्ता कुठे जवळजवळ खरे झाले.

नवे पिस्टन हाती येईपर्यंत मालकांनी अंतिम होनिंगला हात लावला नाही. पिस्टनच्या खोक्यावर छापलेल्या मापावर ते विश्वास ठेवत नाहीत. आठही पिस्टन मायक्रोमीटरने मोजून प्रत्येकाचा बोअर त्याच्या मापाने पूर्ण करतात. माझे पिस्टन २६१८ या मिश्रधातूचे घडीव पिस्टन आहेत, ज्यात सिलिकॉन अत्यल्प असते. असा पिस्टन फुटण्याआधी वाकतो, म्हणून टर्बोसाठी तो पसंत केला जातो, पण तापल्यावर तो जास्त फुगतो आणि त्यामुळे त्याला भिंतीपासून अधिक फट द्यावी लागते. माझ्या इंजिनात ती पाच थाउ ठेवली आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर पिस्टनचा खडखडाट ऐकू येतो. शेजाऱ्यांना तो बिघाड वाटतो, दोन मिनिटांत तो नाहीसा होतो.

सर्वांत जास्त वेळ रिंगांवर गेला आणि तो योग्यच होता. वरच्या रिंगेची दोन टोके थंड असताना एकमेकांपासून दूर असतात, इंजिन तापले की जवळ येतात. कारखान्याने दिलेली फट ट्रकच्या कामापुरती असते. टर्बोच्या उष्णतेत ती पूर्ण मिटते, टोके एकमेकांवर आपटतात, रिंगेला पसरायला जागा उरत नाही आणि पिस्टनचा वरचा काठच तुकड्याने निघून येतो. "ट्यून चुकले म्हणून पिस्टन गेला" असे ज्याचे निदान होते त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत खरा दोष इथे असतो, असे मालकांचे मत आहे आणि मला ते पटते. आमच्या कामासाठी त्यांनी बोअरच्या प्रत्येक इंचाला साडेसहा थाउ असा हिशेब धरला, म्हणजे २६ थाउ, सुमारे ०.६६ मिलिमीटर. आठ रिंगा एकेक करून कानशीने घासून, बोअरमध्ये सरळ बसवून, फीलर गेजने तपासून पूर्ण करायला मुलाला जवळजवळ एक दिवस लागला.

बाकीचे काम त्याच शिस्तीने झाले. मेन कॅपसाठी मूळ बोल्टांऐवजी एआरपी कंपनीचे स्टड वापरले, आणि स्टडच्या वेगळ्या ताणामुळे बेअरिंगच्या गाळ्याचा आकार बदलतो म्हणून सगळे गाळे नव्याने एका रेषेत होन केले. मेन जर्नलचा, म्हणजे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचा, व्यास २.५५९ इंच आहे. व्यासाच्या इंचामागे एक थाउ या जुन्या नियमाला धरून मेन बेअरिंगची फट २.७ थाउ आणि रॉड बेअरिंगची २.३ थाउ ठेवली. हेड बसते तो पृष्ठभाग अनेक पदरी पोलादी पॅकिंगला हवा तितका गुळगुळीत केला. क्रँक, घडीव रॉड आणि पिस्टन यांचा एकत्रित तोल साधला. आणि शेवटी, ब्लॉकसोबत, हाताने लिहिलेला दोन पानी कागद मिळाला, ज्यावर प्रत्येक बोअर, प्रत्येक जर्नल, प्रत्येक रिंग आणि प्रत्येक फट यांचे माप, मोजताना खोलीचे तापमान किती होते यासकट नोंदवलेले होते. यंत्रकामाचे बिल २,३५० डॉलर झाले. त्यातले निम्मे पैसे मी त्या कागदाचे दिले असे समजतो.

तक्रार एकच, पण ती लहान नाही. काम आठ आठवड्यांत देऊ असे सांगितले होते, ते एकवीस आठवड्यांनी मिळाले. दुकानात फोन उचलला जात नाही, निरोपाला उत्तर येत नाही, आणि प्रगती जाणून घ्यायची तर प्रत्यक्ष जाऊन उभे राहावे लागते. माझा एक पूर्ण उन्हाळा त्यात गेला.

जुळणी मी घरीच केली. कॅमशाफ्टबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टर्बो इंजिनाला कॅमच्या अवाढव्य आकड्यांची गरज नसते. टर्बो बोर्गवॉर्नरचा एस४७५, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या कॉम्प्रेसर चाकाचा आहे. मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे साधारण दहा अश्वशक्ती, या ठोकताळ्याने ९०० साठी ९० पौंड हवा लागते आणि हा टर्बो ती देताना धापा टाकत नाही.

इंधन म्हणून ई८५ (बरेच इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) घेतले, कारण इथेनॉलची ऑक्टेन जास्त असते आणि बाष्प होताना ते भरपूर उष्णता शोषून आत येणारी हवा थंड करते. त्याची किंमत प्रमाणात मोजावी लागते: पेट्रोलला हवेचे प्रमाण १४.७ ला १ असते, तर ई८५ ला सुमारे ९.८ ला १, म्हणजे त्याच ताकदीला बरेच जास्त इंधन ओतावे लागते. इंजेक्टरचा हिशेब सोपा आहे. टर्बो इंजिनात दर अश्वशक्तीमागे तासाला पाऊण पौंड ई८५ धरले तर हजार अश्वशक्तीला ७५० पौंड लागतात. आठ इंजेक्टरांत ते वाटून, प्रत्येकाला ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवायचे नाही असे ठरवले, तर प्रत्येकी तासाला ११० पौंडांचा इंजेक्टर येतो. मी १२० चे घेतले. पंपावरच्या ई८५ मध्ये इथेनॉल नेहमी ८५ टक्के असते असे मात्र समजू नये. थंडीत ते मुद्दाम बरेच कमी केले जाते, म्हणून मिश्रण ओळखणारा सेन्सर लावणे ही चैन नव्हे.

डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, इंजिनाने चौरस इंचाला १७ पौंड दाबावर ९१० अश्वशक्ती दाखवली. मार्टिन गावातल्या यूएस १३१ मोटरस्पोर्ट्स पार्कवर पहिल्या दिवशी आम्ही १० पौंडांच्या वर गेलो नाही आणि गाडी १०.१ सेकंदांत आली, कारण सुरुवातीच्या साठ फुटांतच टायर फिरत होते. टॉर्क कन्व्हर्टर बदलल्यावर आणि मागच्या सस्पेन्शनवर एक महिना घालवल्यावर पूर्ण दाबाला वेळ ९.२४ सेकंद आणि वेग ताशी १४९ मैल असा आला. वेगाच्या तशाच एका सूत्राप्रमाणे तो १५१ च्या जवळ असायला हवा होता, म्हणजे ताकद डायनोने सांगितली जवळजवळ तेवढी खरोखर आहे. वेळेत कमी पडतात ते दोन दशांश सेकंद इंजिनाचे नसून माझ्या सुटण्याचे आहेत.

एकूण खर्च गिअरबॉक्स सोडून चौदा हजार डॉलरच्या आसपास गेला, वाया गेलेले पिस्टन धरून. झेडझेड६३२ च्या तुलनेत हे निम्म्याहून कमी आहे, पण भंगाराच्या आवारापासून पहिल्या फेरीपर्यंत चौदा महिने लागले, हेही त्याच पावतीवर लिहिले पाहिजे. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतींसाठी पुण्या-कोल्हापुरात इंजिन बांधणाऱ्यांनी मला पत्रांतून विचारले आहे की असे काम तिथे होईल का. बोअरिंगचे कसब आपल्याकडे मुबलक आहे, अडचण येते ती टॉर्क प्लेटची. ती त्या-त्या इंजिनाच्या बोल्टांच्या जागेप्रमाणे बनवावी लागते आणि छोट्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी कोणताही चांगला लेथवाला व मिलिंगवाला मिळून ती बनवू शकतो. ब्लॉक देण्याआधी ती आहे का एवढे विचारावे, आणि नसेल तर तिच्या खर्चाची तयारी ठेवावी.

गेल्या डिसेंबरमध्ये इंजिन खोलून पाहिले. शंभराहून अधिक फेऱ्यांनंतर मेन बेअरिंगवर खालच्या बाजूला फक्त फिकट राखाडी पट्टा आहे, वरचा थर झिजून तांबे कुठेही उघडे पडलेले नाही. खोलण्याआधी घेतलेल्या गळती चाचणीत (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती निसटते ते पाहणाऱ्या) सात सिलिंडर सहा ते सात टक्क्यांवर आले आणि सातव्या क्रमांकाचा दहावर. त्याची वरची रिंग काढून, त्याच दोन पानी कागदाशी ताडून मोजली. फट २६ वरून २८ थाउ झाली होती. रिंगांचा नवा संच घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा मालकांनी कागद पाहिला, आकडा त्याखाली पेन्सिलने लिहिला आणि एप्रिलमध्ये या असे सांगितले. मी ते जून असे धरून चाललो आहे.